रांगेतली सुट्टी

मे महिना उजाडला, की आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील मुलांना पूर्वी एकच वाट ठाऊक होती, आणि ती मामाच्या गावाला जात असे. परीक्षा आटोपली की डब्यात शेव-चिवडा भरून मोटारीत बसावे, मामाकडे महिनाभर राहावे, डोहात डुंबावे, आंब्याखाली दुपार काढावी आणि रात्री अंगणात बाजेवर पडून चांदण्या मोजाव्यात. ही वाट अजून बुजलेली नाही. तथापि तिच्या शेजारीच दुसरी एक वाट आता चांगली रुळली आहे. पांढुर्ण्याहून सावनेरमार्गे नागपूरला जाणाऱ्या हमरस्त्यावर पाटणसावंगीजवळ द्वारका वॉटर पार्क लागतो; नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याला वळले तर बाजारगावला फन अँड फूड व्हिलेज आहे. ज्यांची रजा व खिसा अधिक ताण सोसतो, ती मंडळी २०१३ साली सुरू झालेल्या खोपोलीजवळच्या इमॅजिकापर्यंतही जाऊन येतात. मी लहान असताना, १९८९ साली, मुंबईला गोराई येथे एस्सेल वर्ल्ड उघडले. त्याची जाहिरात दूरदर्शनवर लागली, की आम्ही मुले ती दूरदेशीच्या बातमीसारखी पाहत असू. आज तसलाच दूरदेश आमच्या उंबरठ्यापासून दीड-दोन तासांवर येऊन राहिला आहे.

हे सारे वाईट आहे, असे म्हणण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. उन्हाळ्यात जाम नदीच्या पात्रात डुंबण्याइतके पाणी कोठे शोधावे, आणि विहिरीत उडी मारावयास आज कोणती आई मुलाला धाडील? मुलांना पाणी हवे, गारवा हवा, थोडी भीती वाटेल असा खेळ हवा. ते त्यांना मिळाले तर आनंदच आहे. माझा प्रश्न निराळा आहे. आपण सगळे मिळून ज्या एका शनिवार-रविवारी तेथे लोटतो, त्या दिवसाचा आहे.

गर्दी म्हणजे काय, हे सावरगावच्या माणसाला कोणी शिकवावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन तीरांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभी राहतात आणि गोटमार होते. तेथील जखमींचा आकडा वर्षानुवर्षे शेकड्यांनी मोजला जातो. त्याविषयी मला जे वाटते ते मी पुष्कळदा बोललो आहे, येथे नको. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की मेळ्यातील गर्दी आणि करमणुकीच्या बागेतील गर्दी या दोन जातीच वेगळ्या. मेळ्यात कोण पुढे, कोण मागे, याचा हिशोब नसतो. पाळण्याजवळ रेटारेटी झाली तर झाली. ज्याचा खांदा मोठा तो आधी बसतो आणि बाकीचे हसतात. बागेत मात्र लोखंडी कठड्यांची रांग असते. आपल्या पुढे नेमके कोण आहे, हे तेथे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि तेवढ्यानेच माणसाच्या मनातील न्याय-अन्यायाचा काटा हलू लागतो.

२०२४ साली मे महिन्याच्या पंचवीस तारखेला, नवतपा लागला त्याच शनिवारी, आमची एकतीस माणसे दोन गाड्या करून अशा एका वॉटर पार्कला गेली. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे तिघे-चौघे, त्यांच्या घरची मंडळी, संत्र्याची बाग असलेली दोन कुटुंबे, काही तरुण मुले-मुली, आणि देखरेखीला म्हणून मी. त्या आठवड्यातील ऊन कसे होते म्हणून सांगू? पाचच दिवसांनी नागपुरातील एका स्वयंचलित यंत्राने चक्क ५६ अंश तापमान दाखवले. यंत्रातच बिघाड होता, असा खुलासा हवामान खात्याने पुढे केला; पण खुलासा येईपर्यंत आमच्याकडे कोणालाही तो आकडा खोटा वाटला नव्हता.

दहा वाजता पोहोचलो. तिकिटाची रांग, सामानाच्या कपाटांची रांग, पोहण्याचे कपडे भाड्याने घेण्याची रांग, आणि मग कोठे पाण्याची पायरी. साडेअकरा वाजले होते. उंच घसरगुंडीखाली गेलो तर जिना माणसांनी भरलेला. माझ्याबरोबरच्या एका मुलाने, तो यंदा आठवीत गेला होता, सहज विचारले, “फादर, आपला नंबर कव्हा लागन?”

उभ्या उभ्या त्या मुलाबरोबर मी हिशोब मांडला, कारण करण्यासारखे दुसरे काही नव्हते. वरून दोघांचा एक रबरी तराफा सुटे, आणि खालचा तराफा बाजूला होईपर्यंत पुढचा सोडत नसत. हे बरोबरच होते. नाही तर एकावर एक आदळतील. घड्याळ लावून पाहिले, तर दर चाळीस सेकंदांना एक. म्हणजे मिनिटाला तीन माणसे, तासाला एकशे ऐंशी. आमच्या पुढे जिन्यावर आणि कठड्यांत मिळून सुमारे पावणेतीनशे माणसे होती. दीड तास! आणि घसरण्याला किती वेळ लागतो? वीस सेकंद. रांगेतील माणसांना मिनिटाला सुटणाऱ्या माणसांनी भागावे, की थांबण्याचा वेळ निघतो; हे इतके साधे गणित दिसते, पण त्याची रीतसर सिद्धता अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ साली मांडली आणि आज रुग्णालयापासून तारायंत्राच्या वारसदार असलेल्या संगणकांपर्यंत सर्वत्र ते वापरतात. त्या गणितातून एक गोष्ट उघड होते. पंपाने पाणी जोरात सोडून, शिट्ट्या वाजवून वा मालकावर ओरडून रांग लहान होत नाही. तराफा चाळीस सेकंदांनीच सुटावयाचा. रांग लहान होते ती एकाच उपायाने: माणसे कमी आली तर. आणि माणसे म्हणजे दुसरे कोणी नव्हेत. “किती गर्दी आहे बाई!” असे जो म्हणतो, तोही त्या पावणेतीनशेंतला एक असतोच.

ही अडचण काही आपल्याच देशाची आहे, असे समजू नये. जगातील अशा बागांची मोठी बहीण जी डिस्नीलँड, ती अमेरिकेत कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी उघडली. त्या दिवशी निमंत्रितांपेक्षा कितीतरी अधिक, सुमारे २८,००० माणसे आत शिरली, कारण कित्येकांच्या हाती खोटी तिकिटे होती. ऊन कडक, नळ जोडणाऱ्या कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे कारंजे पुष्कळ ठिकाणी कोरडे, नुकतेच घातलेले डांबर उन्हाने मऊ होऊन बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतल्या. एवढ्या श्रीमंत देशात, एवढ्या हुशार माणसाने मांडलेला पहिला दिवस असा गेला. त्याआधी १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी पहिला प्रचंड आकाशपाळणा उभा केला होता. २६४ फूट उंच, छत्तीस डबे, आणि एका डब्यात साठ माणसे. एका वेळी दोन हजारांवर माणसे बसत. आपल्या जत्रेतला पाळणा त्याचाच लहान भाऊ. मोठा पाळणा केल्याने रांग संपली का? नाही. पाळणा मोठा झाला की त्याची कीर्ती मोठी होते, आणि कीर्तीच्या मागे माणसे येतात.

परंतु दीड तासाचा दीड तास सर्वांना सारखा लागत नाही, हेही मी त्या जिन्यावर पाहिले. डेव्हिड मेस्टर नावाच्या एका अभ्यासकाने १९८५ साली वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने म्हटले आहे ते आपल्या आजी-आजोबांनाही पटेल. रिकामे थांबणे लांब वाटते, काही करीत थांबणे आखूड. एकट्याने थांबणे लांब, मंडळींबरोबर आखूड. किती थांबावयाचे हे ठाऊक नसले तर लांब. आणि अन्यायाने थांबणेही लांबच वाटते. आमच्या मुलींनी गाण्याच्या भेंड्या लावल्या तेव्हा अर्धा तास कसा गेला ते कळले नाही. मागच्या मोर्शीकडच्या मंडळींनीही त्यात सूर मिळवला. हिशोब मांडल्यावर तो आठवीतला मुलगासुद्धा शांत झाला. दीड तास, तर दीड तास. पुढे जे झाले त्याने मात्र ती शांती मोडली.

आमच्या पुढे एक तरुण एकटाच उभा होता. आमचा नंबर पंधरा-वीस माणसांवर आला, तेव्हा त्याचे सात-आठ मित्र कठड्याखालून वाकून आले आणि त्याच्यापाशी उभे राहिले. त्याने म्हणे त्यांची जागा धरली होती. बोरगावला काम करणाऱ्या आमच्या एका गृहस्थाचा सहा-सात वर्षांचा मुलगा बापाच्या बोटाला धरून हे पाहत होता.

“बाबा, हे तं मांगून आले ना?”

बाप काही बोलला नाही. रात्रपाळी करून तो परस्पर गाडीत बसला होता. डोळे लाल होते. मुलाने पुन्हा विचारले, आणि या वेळी सर्वांना ऐकू जाईल असे विचारले. तेव्हा त्या गृहस्थाने पुढच्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, “भाऊ, लेकरू पाहून राहिलं.” एवढेच. आवाज चढवला नाही. दोघे तरुण खाली मान घालून मागे गेले. बाकीचे गेले नाहीत. मुलाने ते दोघे आणि उरलेले मोजले. तो काय शिकला, हे मला सांगता येणार नाही. पण त्याने मोजले, हे खरे.

जागा धरणे म्हणजे पापच, असे मी म्हणत नाही. लहान मुलाला मोरीकडे न्यावे लागले आणि त्याची जागा आईने राखली, तर त्यात कोणाचे जाते? एकाच्या जागेवर आठ जण उभे राहिले, म्हणजे मागच्या प्रत्येकाचे अडीच-तीन मिनिटांचे काही तरी जाते, आणि जिन्यावर शंभर जण असतील तर किती गेले त्याचा गुणाकार वाचकांनीच करावा. मोठ्या देशांत आता हेच काम तिकीट-खिडकीवर होते. डिस्नीच्या बागांत १९९९ साली आधी वेळ राखून ठेवण्याची सोय सुरू झाली, तेव्हा ती सर्वांना फुकट होती. २०२१ पासून तिच्यासाठी वेगळे पैसे पडतात. जो पैसे भरतो तो वेगळ्या वाटेने पुढे जातो, आणि दोन्ही वाटा एकाच तराफ्यापाशी मिळतात. कायद्याने यात खोट काढता येणार नाही. पण त्या सहा वर्षांच्या मुलाने विचारले असते, तर त्याच्या बापाला काय उत्तर देता आले असते, याचा मी पुष्कळ दिवस विचार करीत होतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहावयास बसलो तिच्याकडे येतो.

आमच्या एकतीस जणांत एक आजी होत्या. वय सत्तरीच्या आसपास. आयुष्यभर निंदण-वेचणाला जाऊन त्यांनी तीन मुलांना वाढवले. त्यांचेही तिकीट पूर्ण काढले होते. त्या तिकिटात शेतावर जाणाऱ्या बाईची जवळजवळ तीन दिवसांची मजुरी जाते. दुपारी एकच्या सुमारास मी पाहिले, तर लहान मुलांच्या हौदाजवळ पत्र्याच्या सावलीत आजी बसल्या होत्या, आणि त्यांच्याभोवती चौदा पिशव्या, तेवढ्याच चपलांचे जोड, दोन चष्मे आणि कोणाचा तरी मोबाइल. कपाट भाड्याने घ्यावयाचे तर पैसे पडतात. म्हणून सर्व घरांनी आपापले ओझे आजींच्या पायाशी आणून टाकले होते. कोणी वाईट हेतूने नव्हे. प्रत्येक जण “आजी आहेतच” असे म्हणून गेला होता.

मी म्हटले, “आजी, आता तुम्ही जा पाण्यात. पिशव्यांपाशी मी बसतो.”

त्या हसल्या. “मी काय करू जी पाण्यात जाऊन? अन् लुगड्यानं कोन जाऊ देते?”

ते खरे होते. सुती कपड्याने पाण्यात उतरू देत नाहीत, आणि या नियमात बागवाल्यांची चूक नाही. हौदाचे पाणी रोज बदललेले नसते. तेच पाणी पंपाने ओढून, गाळून, औषध घालून पुन्हा सोडतात. सुताचे तंतू सुटून गाळणीत अडकतात. शिवाय ओला पदर कशात गुंतला, तर जिवावर बेतते, आणि सुती लुगडे भिजून इतके जड होते की उठून उभे राहणे कठीण. म्हणून नायलॉनचा आखूड वा लांब पोशाख लागतो, आणि बायकांसाठी अंगभर पोशाखही भाड्याने मिळतो. पण हे घरून निघण्याआधी आजींना कोणी सांगितले होते? त्यांना तेथे, परक्यांच्या गर्दीत, ओळीने टांगलेले ते कपडे दाखवले, आणि नातवंडे हसली. ज्या बाईने सत्तर वर्षे लुगडे सोडले नाही, तिने त्या क्षणी काय करावे, अशी अपेक्षा होती? त्या म्हणाल्या, “तुमी जा, मी बसते.” आणि तो प्रश्न सुटला असे सर्वांना वाटले.

वाचकहो, मी त्या दिवशी मुद्दाम फेरी मारून पाहिले. त्या बागेत पत्र्याच्या सावल्यांखाली ठिकठिकाणी अशाच बायका बसलेल्या होत्या. कोणी आजी, कोणी तान्ह्याची आई, कोणी विधवा आत्या. सर्वांच्या हातावर तिकिटाचा कागदी पट्टा होता, आणि सर्वांच्या पायाशी पिशव्या.

तिसऱ्या प्रहरी गर्दी फार वाढली. लहान मुलांचा हौद गुडघाभर पाण्याचा. मध्यभागी छत्रीसारखा एक खांब आणि त्यावरून चारी बाजूंनी पाणी कोसळत होते. मुलांचा कल्लोळ इतका की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. मी आजींजवळ येऊन उभा होतो. आजी एकाएकी उठल्या, पिशव्या ओलांडल्या आणि लुगड्यासकट सरळ हौदात चालत गेल्या. जीवरक्षकाची शिट्टी वाजली, पुन्हा वाजली. लुगड्याची बाई पाण्यात उतरली होती ना! तो पोरगा रागाने धावत आला तोवर आजींनी त्या कोसळत्या पाण्याखालून तीन-एक वर्षांचे एक मूल उचलले होते. ते आमच्यातले नव्हते. पाय घसरून पालथे पडले होते आणि वरून पाणी पडत असल्याने त्याला डोके उचलता येत नव्हते. आजींनी त्याला खांद्यावर उपडे घेऊन पाठीवर थोपटले; ते खोकले, ओकले आणि मग मोठ्याने रडले. इतके गोड रडणे मी फार दिवसांत ऐकले नव्हते. जीवरक्षकाने शिट्टी तोंडातून काढली आणि तो मुकाट्याने उभा राहिला.

मुलाची आई आठ-दहा हातांवर होती. थोरल्या मुलीचा फोटो काढीत होती. तिला बोल लावण्याचा अधिकार मला तरी नाही, कारण मीही तिकडेच पाहत होतो आणि मला काही दिसले नाही. बुडणारे माणूस हात हलवते, ओरडते, अशी आपली कल्पना असते. चित्रपटांनी ती करून दिली आहे. न्यूयॉर्कमधील ऑर्चर्ड बीचवर अनेक वर्षे जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी १९७० च्या सुमारास खरोखर बुडू लागलेल्या माणसांचे चित्रीकरण करून याचा अभ्यास केला. त्यांना दिसले ते असे, की बुडणारा ओरडत नाही, कारण श्वास घेता येईना तर ओरडणार कसा? तो हात हलवून बोलावत नाही. हात आपोआप पाणी खाली दाबण्यात गुंततात. आणि हे सारे वीस ते साठ सेकंदांत संपते. म्हणजे चाळीस सेकंदांनी एक तराफा सुटतो, त्या एका तराफ्याच्या अवधीत, आवाज न करता. लहान मुलाला तर गुडघाभर पाणीही पुरते. गर्दी जितकी दाट तितके “कोणी तरी पाहत असेलच” हे वाटणे अधिक, आणि पाहणारे कमी.

आजींनी पाहिले, कारण त्यांना दुसरे काही करावयाचे नव्हते. चार तास त्या हौदाकडे तोंड करून बसल्या होत्या. “त्या लाल चड्डीचं पोरगं येकदम दिसेनासं झालं,” एवढेच त्यांनी सांगितले.

त्या वेळी चौदा पिशव्या पाऊण तास कोणाच्याही नजरेखाली नव्हत्या, आणि त्यांतली एकही गेली नाही.

कोणी तरी चहा आणला. आजी ओल्या लुगड्याने पुन्हा पत्र्याखाली बसल्या. त्या मुलाची आई येऊन पाया पडून गेली, मुलाचा बाप काही तरी देऊ लागला तो त्यांनी हातानेच परत केला. मग बऱ्याच वेळाने, मी जवळ बसलो असता, लुगड्याचा काठ पिळीत त्या म्हणाल्या, “फादर, पानी मोठं गार आहे जी.”

परतताना गाडीत सर्व जण झोपले होते. आम्हांला सात तासांत तीन घसरगुंड्या आणि लाटांचा हौद एवढे मिळाले होते. सावनेर मागे पडले तरी माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे शनिवार. आमच्या दोन गाड्यांत संत्र्याच्या बागेचे जे धनी होते, त्यांना मे महिन्यात मंगळवार काय आणि शनिवार काय? मृगाच्या बहारासाठी बागेला ताण दिलेला, पाणी तोडलेले, पेरणीला अजून अवकाश. ती मंडळी कोणत्याही दिवशी येऊ शकली असती. माझेही तसेच. बोरगावच्या पाळीवाल्यांना मात्र साप्ताहिक सुट्टीवाचून दिवस नाही. एखादी मोडली तर पगार कापला जातो. त्यांच्या रांगेत आम्ही उगाच उभे होतो. पाटणसावंगी असो, बाजारगाव असो की खोपोली, सुट्टीच्या शनिवार-रविवारच्या रांगेतील किती माणसांना खरोखर दुसरा दिवस नसतो? ज्यांना असतो ती सर्व जर मंगळवारी-बुधवारी गेली, तर पावणेतीनशेंचे दीडशे होतील आणि दीड तासाचा पाऊण. मंगळवारी जाणाऱ्यालाही तराफा लवकर मिळेल. यात त्यागही फारसा नाही. उलट दोघांचा फायदा आहे. रविवारची मिस्सा चुकत नाही, हा त्यातला माझा स्वतःचा स्वार्थ समजा.

दुसरी गोष्ट पिशव्यांची. त्यावर घरोघर बोललो, तेव्हा पुरुषमंडळी थोडी खाली पाहू लागली आणि बायका थोड्या हसू लागल्या. एक सून म्हणाली, “आत्याबाईंना विचारलं होतं, त्याच नाही म्हणाल्या.” विचारले होते हे खरे आहे. पण भर गर्दीत, कपड्यांच्या खिडकीपाशी, मागची माणसे “लवकर करा” म्हणत असताना विचारलेला प्रश्न आणि आठ दिवस आधी ओसरीवर बसून विचारलेला प्रश्न, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गावातील शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितले, की नायलॉनचा पायघोळ झगा आणि विजार असा अंगभर पोशाख शिवण्यास एक दिवस पुरे. कापड फार महाग नाही. पूर्ण बाह्यांचा, गळाबंद, घरी घालून पाहता येतो. नातवंडांना हसावयाचे असेल तर ती घरीच हसून घेतील.

यंदा आमच्याकडून दोन गाड्या जावयाच्या आहेत. शेतीवाल्यांची मंगळवारी, आणि कारखान्यात काम करणाऱ्यांची, त्यांच्या सुट्टीनुसार, शनिवारी. नावे लिहिण्यासाठी वही चर्चच्या ओसरीवर ठेवली आहे. तीन रकाने आहेत: नाव, गाडी, आणि सामान राखण्याची पाळी, अर्ध्या अर्ध्या तासाची. दहा वर्षांखालील मुलांपुढे, पाण्यात त्यांच्या हातभर अंतरावर कोण राहणार, त्याचे नाव त्याच ओळीत लिहावे. मंगळवारच्या यादीत पाळीचा पहिला अर्धा तास माझा आहे, दुसरा दोन बागाइतदारांनी वाटून घेतला आहे. आजींचे नाव शनिवारच्या यादीत आहे. त्यांच्या मुलाने ते स्वतः येऊन लिहिले, आणि पाळीच्या रकान्यात त्यांच्यापुढे आडवी रेघ ओढली.